धागा: आत्याच्या तोंडातली जखम आणि 'एक्सोसोम' तपासणी, कुणाला माहिती आहे का?

मलप्रभा (शुक्रवार, रात्री)

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले. माझी मोठी आत्या ६२ वर्षांची आहे. लग्नानंतर तीसेक वर्षं ती निपाणीत होती, तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. काका गेल्यापासून आमच्याकडे असते. मिश्रीची सवय वखारीतलीच, अजून सुटलेली नाही.

दोन महिने झाले, तिच्या डाव्या गालात आतून एक जखम आहे. भाकरीचा कडक पापुद्रा लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. गावातल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या दिल्या, उतार नाही. मग ते म्हणाले, बेळगावला जाऊन तुकडा काढून तपासून घ्या. आत्या ऐकत नाही. वखारीतल्या तिच्या एका मैत्रिणीचा असाच तुकडा काढला आणि सहा महिन्यांत ती बाई गेली. तेव्हापासून आत्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की लोखंड लागलं की कॅन्सर पसरतो.

आता चुलतभावानं एक व्हिडिओ धाडलाय. रक्तातले 'एक्सोसोम' तपासले की चाकू न लावता कॅन्सर कळतो, आणि एक्सोसोमचीच सलाईन लावली की बराही होतो म्हणे. एका मोठ्या शहरातलं क्लिनिक आहे. तपासणी आणि तीन सलाईन मिळून पावणेदोन लाख. सोमवारी तो अर्धे पैसे भरणार आहे. आत्या खूश आहे, कारण यात कापाकापी नाही.

एक्सोसोम म्हणजे काय? आणि यात खरं किती? कृपा करून लवकर सांगा.

हुक्केरीकर

सोमवारी पैसे भरू देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतील, खरं भावाला आज रात्रीच फोन करा.

पिपेट

ताई, मी नंदगडची, म्हणजे तुमच्याच तालुक्यातली. सध्या पुण्यात पीएचडी करते आणि या पेशींच्या पुड्यांवरच माझं काम चालतं. लांबलचक लिहीत आहे, पण तुमच्या भावालाही वाचायला द्या.

पुड्या असं मी मुद्दाम म्हटलं. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी बाहेर बारीक बारीक पुड्या सोडत असते. वरचं आवरण त्या पेशीच्या पडद्याचंच, आत तिचीच प्रथिनं आणि आरएनएचे, म्हणजे जनुकांवरून उतरवलेल्या निरोपाचे, तुकडे. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. आपल्या एका केसाच्या जाडीत अशा कित्येकशे पुड्या ओळीनं मावतील. पेशीच्या पोटात एक पिशवी तयार होते, तिच्यात या पुड्या भरतात, मग ती पिशवी पेशीच्या कडेला येऊन फुटते आणि पुड्या रक्तात, लघवीत, लाळेत जातात. यांनाच एक्सोसोम म्हणतात.

१९८३ मध्ये माँट्रियलला रोझ जॉनस्टोन आणि सेंट लुईसला फिलिप स्टाल यांच्या गटांनी वेगवेगळं काम करताना हे पाहिलं. दोघांचाही विषय कच्च्या तांबड्या पेशी. पिकताना या पेशी नको झालेली प्रथिनं अशा पुड्यांतून बाहेर टाकत होत्या. त्यामुळे पुढं बरीच वर्षं लोक याला पेशीचा केर समजत राहिले. २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या यान लोटवाल यांच्या गटानं दाखवलं की पुडीतला आरएनए दुसऱ्या पेशीत पोचतो आणि ती पेशी त्यावरून प्रथिनसुद्धा बनवते. मग सगळ्यांचे कान टवकारले, कारण केर समजून टाकून दिलेल्या पुडीत चिठ्ठी निघाली होती.

कॅन्सरच्या पेशीही पुड्या सोडतात, बहुतेकदा भरपूर. चिठ्ठी वाचता आली तर गाठ न कापता तिची खबर लागेल, अशी ती आशा आहे. आशा खरी आहे. मी माझी उमेदीची वर्षं तिच्यावर घालवते आहे, म्हणून हे मनापासून सांगते.

अडचण अशी की रक्तात निरोगी पेशींच्याही पुड्या अब्जावधींनी असतात. कोलेस्टेरॉल वाहणारे कण आकारानं त्यांच्या जवळपासचे आणि संख्येनं कितीतरी जास्त. आम्ही गुरुत्वाच्या लाखपट जोरानं तासन्तास नमुना फिरवतो, तरी शुद्ध माल हाती येईल याची खात्री नसते. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळवताना घाम फुटतो.

प्रत्यक्ष वापरात काय आहे? अमेरिकेत प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी लघवीची एक तपासणी मिळते. ती एक्सोसोममधल्या तीन जनुकांचा आरएनए मोजते. तिथल्या एफडीएनं, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेनं, २०१९ मध्ये तिला 'ब्रेकथ्रू' दर्जा दिला. हा दर्जा म्हणजे मंजुरी नव्हे, तपासाची वाट थोडी मोकळी करून देणं. आणि ताई, ती तपासणी सांगते काय? तर या माणसाची बायॉप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, करायची गरज आहे की थांबता येईल, एवढंच. शेवटी निदान बायॉप्सीवरच होतं.

तोंडाच्या कॅन्सरसाठी लाळेतल्या एक्सोसोमवर संशोधन चालू आहे. पण आत्यांच्या गालातल्या जखमेची बायॉप्सी टाळता येईल अशी एक्सोसोमची तपासणी आज कुठंही नाही.

काकतीवेस

पिपेट, पूर्ण नाही पटलं. माझ्या मित्राच्या वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. बेंगळुरूत नुसत्या रक्तावरून तपासणी केली आणि त्यावरून गोळी ठरली. मी स्वतः रिपोर्ट पाहिलाय. मग रक्तातून कळतच नाही असं कसं म्हणता?

पिपेट

@काकतीवेस, तुमचं बरोबर आहे आणि ते रक्त तपासणं खरंच उपयोगाचं आहे. पण त्यात मेलेल्या कॅन्सरपेशींतून रक्तात सांडलेला डीएनए तपासतात. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये ईजीएफआर नावाच्या जनुकातला बदल असा शोधतात आणि त्यावर गोळी ठरवतात. अमेरिकेत अशा तपासणीला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. एक्सोसोम ही वेगळी गोष्ट. आणि काकांचं निदान बहुतेक आधीच झालेलं असणार, रक्तावरून औषध ठरलं. एकदा वडिलांच्या फायलीत बघायला सांगा, पहिला कागद बायॉप्सीचा निघेल.

काकतीवेस

आत्ताच फोन करून विचारलं. पहिला कागद बायॉप्सीचाच आहे. मला वाटायचं रक्तावरूनच सगळं झालं. आभारी आहे.

गणितमास्तर

रिटायर झालो तरी खडू सुटत नाही, म्हणून एक हिशेब.

समजा एक तपासणी आहे, शंभर आजाऱ्यांतले ९५ पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या ९५ जणांना निरोगीच म्हणते. ऐकायला झकास. आता समजा आपल्या गावातल्या १००० माणसांना ती केली आणि त्यात खरे आजारी १० आहेत. दहांतले साडेनऊ सापडतील, म्हणजे नऊ-दहा जण. उरलेल्या ९९० निरोग्यांतल्या ५ टक्के लोकांना ती चुकून आजारी म्हणेल, म्हणजे जवळपास ५०. एकूण साठेक जणांच्या हातात 'कॅन्सर'चा कागद, आणि त्यातल्या पन्नासांना काहीच झालेलं नाही. ती पन्नास घरं रात्रभर जागी राहतील, शेत गहाण टाकायला निघतील.

म्हणून व्हिडिओत '९५ टक्के अचूक' असं लिहिलं असेल तर विचारा, कुणामध्ये? आधीच आजारी असलेल्यांत, की सरसकट गावात?

अक्कलदाढ

चिकोडी भागात दातांचा दवाखाना चालवतो. रोज तोंडं बघतो, म्हणून थेट लिहितो.

दोन-तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम तज्ज्ञाला दाखवायचीच. पांढरा किंवा लाल चट्टा, गालाला हाताला लागणारा कडकपणा, तोंड कमी उघडणं, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तरी थांबू नका. आत्यांचे दोन महिने झालेत.

तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरतो ही भीती मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावी लागते. तोंडातली बायॉप्सी म्हणजे जागा बधिर करून तांदळाएवढा किंवा थोडा मोठा तुकडा, एखाद-दुसरा टाका, आणि माणूस त्याच दिवशी घरी. त्यानं आजार पसरत नाही. त्या वखारीतल्या बाई गेल्या असतील तर त्या बहुधा फार उशिरा पोचल्या होत्या म्हणून. लोक शेवटी येतात, तुकडा काढतो, मग माणूस जातो आणि नाव तुकड्याचं होतं.

आणखी एक. पोटातल्या किंवा स्वादुपिंडाच्या गाठीपर्यंत डोळा पोचत नाही, तिथं रक्तातली चिठ्ठी सोन्याची ठरेल. तोंडात टॉर्च पोचते. केरळात तिरुवनंतपुरमला जवळपास १ लाख ९० हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला. प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते, डॉक्टरसुद्धा नव्हेत, घरोघरी जाऊन तोंडं तपासत. २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी झाले. निव्वळ बघून.

शहापूरचा नातू

मी वाचलंय की हळदीचे आणि द्राक्षांचे पण एक्सोसोम असतात, अमेरिकेत त्यावर औषध काढलंय. मग आत्यांना हळद-दूध सुरू करायला काय हरकत आहे?

पिपेट

हळद-दूध आवडीनं प्यावं, पण ते औषध म्हणून नको. वनस्पतींच्या पेशीही पुड्या सोडतात हे खरं. अमेरिकेत लुईव्हिल विद्यापीठानं अशा पुड्यांत हळदीतलं कर्क्युमिन भरून मोठ्या आतड्यापर्यंत पोचवण्याची चाचणी हाती घेतली. तिथंच दुसरी चाचणी होती द्राक्षांच्या पुड्यांची, तोंड-घशाला रेडिएशन घेताना तोंड सोलवटतं त्यासाठी. दोन्ही सुरुवातीच्या पायरीच्या. त्यातून बाजारात औषध आलेलं नाही.

चिकोडी रोड

अथणीची द्राक्षं तिकडं कामाला आली तर आमच्या पाहुण्यांच्या बागेला भाव येईल बघा! आम्ही आत्तापासून पेट्या भरून ठेवतो 🙂

मलप्रभा (शनिवार, सकाळी)

सगळ्यांचे आभार. भावाशी बोलले. तो म्हणतो, तपासणीचं राहू दे, पण सलाईननं बरं वाटत असेल तर नाकारायचं का? त्यानं क्लिनिकला विचारलं तर ते म्हणाले 'नैसर्गिक आहे, कसलाच धोका नाही'. पिपेट, उपचाराचं लिहायचं राहिलं का?

पिपेट

राहिलं, आता लिहिते. उपचाराची बाजू मला जास्त मोहवते आणि भीतीही तिचीच जास्त वाटते.

आधी भीती. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जत्रेला निघताना घरातली एक गाडी आधी पुढं जाते, जागा धरते, चूल मांडते, मग बाकीचे पोचतात. कॅन्सरच्या पुड्या असंच करतात. न्यूयॉर्कच्या डेव्हिड लायडन यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं की पुडीवरच्या इंटेग्रिन नावाच्या प्रथिनावरून ती कुठं उतरणार ते ठरतं. एका जातीचं असेल तर फुप्फुस, दुसऱ्या जातीचं असेल तर यकृत. पुड्या तिथं जाऊन जागा तयार करतात आणि नंतर गाठीच्या पेशी मुक्कामाला येतात. २०१८ मध्ये मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या अभ्यासात दिसलं की पुड्यांवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन असतं आणि ते आपल्या बचाव पेशींना लांबूनच थोपवतं. म्हणजे एक्सोसोम 'नैसर्गिक' आहेत म्हणून निरुपद्रवी, हे कॅन्सरच्या बाबतीत तर मुळीच खरं नाही. विषाची पुडीही पुडीच.

आता आशा. हीच पुडी आपण भरली तर? अमेरिकेतल्या एमडी अँडरसन या कॅन्सर हॉस्पिटलात रघू कल्लुरी यांच्या गटानं निरोगी पेशींच्या पुड्यांत केआरएएस या बिघडलेल्या जनुकाला गप्प करणारा आरएनए भरला. २०१७ मध्ये उंदरांवरचा निकाल छापून आला: स्वादुपिंडाच्या गाठी आवरल्या, उंदीर जास्त जगले. मग माणसांवर पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू झाली. पहिला टप्पा म्हणजे झेपतंय का आणि किती द्यावं हे बघणं. त्याआधी फ्रान्समध्ये रुग्णाच्याच बचाव पेशींच्या पुड्यांची लस करून फुप्फुसाच्या कॅन्सरवर दुसऱ्या टप्प्यापर्यंत नेलं होतं. हे सगळं रीतसर, संमतिपत्र घेऊन चालतं.

मात्र कॅन्सरवर एक्सोसोमचं एकही उत्पादन अमेरिकेच्या एफडीएनं मंजूर केलेलं नाही, कॅन्सर सोडून इतर आजारांवरही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी जाहीर इशारा दिला, कारण नेब्रास्का राज्यात अशी उत्पादनं घेतलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. भावाला क्लिनिकला एवढंच विचारायला सांगा: बाटलीतल्या पुड्या कुठल्या पेशींच्या, आत काय भरलंय, आणि कुठल्या नोंदणीकृत चाचणीत हे देताय? चाचणीत सहभागी होण्यासाठी सहसा रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. इथं पावणेदोन लाख मागतायत.

हुक्केरीकर

हे वाक्य प्रिंट काढून दवाखान्याच्या भिंतीवर लावायला पायजे.

चिकोडी रोड

पिपेट, राग मानू नका, खरं मला एक बोलायचंय. एक्सोसोम, नॅनो, अमेरिका, हे सगळं वाचायला छान आहे. आमच्याकडं माणसाला कॅन्सरचा डॉक्टर गाठायला पहाटे उठून बेळगाव नाहीतर मिरज-कोल्हापूर करावं लागतं. माझ्या मामींना प्रत्येक किमोला दोन बस बदलून नेलं. संशोधनावरचा पैसा तालुक्याला एक तोंड-तपासणी केंद्र काढायला का नको?

पिपेट

राग अजिबात नाही. केंद्र आधी हवं, यावर मी तुमच्याच बाजूची. पण संशोधन त्यांचं आणि केंद्र आपलं, अशी वाटणी मला मान्य नाही. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. अमेरिका-युरोपात तयार झालेल्या तपासण्या तिकडच्या लोकांच्या नमुन्यांवर बसवलेल्या असतात. मिश्री लावणाऱ्या, वखारीत तंबाखूची धूळ श्वासात घेतलेल्या बायकांची लाळ त्यात कुठून असणार? त्यांच्या पुड्यांतली चिठ्ठी कदाचित वेगळ्या अक्षरात असेल. ती कुणी वाचलीच नाही, तर उद्या तपासणी निघेल आणि नेमकी आपल्याच बायकांना चुकीचं सांगेल. म्हणून तर मी यात आहे.

चिकोडी रोड

हे मात्र डोक्यात आलं नव्हतं. दोन्ही पायजे, मान्य.

निपाणीची लेक

मी एरवी फक्त वाचते. आज लिहावं लागलं.

माझी आई वखारीत होती. चाळायला, निवडायला. घरी आली की तिच्या लुगड्याला वास असायचा, आम्ही पोरं शिंकत तिच्या मांडीवर झोपायचो. मिश्री लावली की भूक मरते, म्हणून लावायच्या त्या. खरं कारण ते. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या गोष्टी आमच्या घरात लई चालायच्या, शेतकऱ्याला दर मिळायला पायजे म्हणून रस्ता धरलेला. तेव्हा बायका भाकऱ्या बांधून द्यायच्या. त्या बायकांच्या तोंडात काय चाललंय हे बघायला त्या वेळी कुणी नव्हतं.

आईच्या गालाला चट्टा आला तेव्हा ती पण हेच म्हणाली, लोखंड नको. माझ्या मोठ्या भावानं हट्टानं नेलं. तुकडा काढला, कॅन्सर निघाला, खरं लहान होता. ऑपरेशन मुंबईत टाटाला झालं. आम्ही दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो, चार राज्यांची माणसं एका जिन्यावर. सात वर्षं झाली. आई आज सकाळी माझ्याशी भांडली की चहात साखर कमी घातलीस.

मलप्रभाअक्का, तुमच्या आत्यांचा नंबर मला निरोपात द्या. आईला बोलायला लावते. वखारीतली बाई वखारीतल्या बाईचं ऐकंल.

गणितमास्तर

अक्का, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आईंना नमस्कार सांगा आणि चहात साखर घाला.

काकतीवेस

विषय निघालाच आहे तर, खर्चाचं काय? महाराष्ट्राची जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली होती ना २०२३ मध्ये? ती चालेल की कर्नाटकचं कार्ड?

हुक्केरीकर

त्यावरनं इथं आधी दोन धागे भांडून बंद पडलेत, परत नको. ज्या हॉस्पिटलात जाणार तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दोन्ही कागद दाखवायचे. रेशनकार्ड, आधार मूळ प्रत न्या, झेरॉक्स तीन-तीन. कुठलं लागतंय ते तिथंच कळतं. आत्या निपाणीच्या पत्त्यावर आहेत की खानापूरच्या, ते आधी बघा, नावाच्या स्पेलिंगनंसुद्धा अडतं.

अक्कलदाढ

आणि मिश्री आजपासून बंद. जखम कशाचीही असो.

मलप्रभा (रविवार, रात्री)

निपाणीच्या अक्कांची आई आणि आमची आत्या पाऊण तास बोलल्या. अर्धा वेळ कुठल्या वखारीचा मुकादम कसा होता यावरच. मग आत्यानं फोन ठेवला आणि म्हणाली, मंगळवारी जाऊया. भावानं पैसे भरले नाहीत. पिपेटनं सांगितलेले तीन प्रश्न त्यानं विचारले, तिकडून उत्तर आलं नाही, 'आज भरलेत तर वीस टक्के सूट' एवढंच आलं.

मलप्रभा (बारा दिवसांनी)

उशिरा लिहितेय, माफ करा. मंगळवारी बेळगावला बायॉप्सी झाली. आत्या बाहेर येऊन म्हणाली, एवढंच होतं होय? दाताच्या वेळी जास्त दुखलं होतं.

काल रिपोर्ट आला. कॅन्सर आहे. स्क्वॅमस सेल लिहिलंय. दोन सेंटिमीटरपेक्षा कमी, मानेत स्कॅनला काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले पहिली पायरी आहे, ऑपरेशन करू, पुढं रेडिएशन लागेल की नाही ते काढलेला भाग तपासून ठरेल. पुढच्या बुधवारची तारीख मिळाली. कार्ड कर्नाटकचंच लागलं.

रात्री मी खूप रडले. आत्या नाही रडली. तिनं मिश्रीची डबी मोरीत रिकामी केली.

अजून एक. पिपेटचं ते लाळेचं, चिठ्ठीचं, मी तिला वाचून दाखवलं होतं. ती विचारते, माझी लाळ पाहिजे असली तर नेतील का, आणि त्यातून तिला काय कळेल?

पिपेट

ताई, वाचून बराच वेळ नुसती बसून राहिले.

मी अशी परस्पर घेऊ शकत नाही. त्यांच्याच हॉस्पिटलात असा अभ्यास चालू असेल तर तिथली नैतिकता समिती, मराठीतलं संमतिपत्र, सगळं होऊनच घेतात. ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारा. नाही म्हटलं तरी उपचारात काही फरक पडत नाही हे आत्यांना नक्की सांगा. आणि खरं सांगायचं तर त्यातून त्यांना स्वतःला काहीच कळणार नाही. आम्हालाही कळायला वर्षं लागतील.

मलप्रभा

सांगितलं. ती म्हणाली, मला कळून काय करायचंय, वखारीत अजून पोरी आहेत. डॉक्टरांना विचारून बघते.

निपाणीची लेक

बुधवारी आई आणि मी येतोय. पहाटेची गाडी पकडली की नऊपर्यंत बेळगाव स्टँड. आत्यांना ऑपरेशननंतर पातळ लागंल, नाचणीची आंबील आणते, डब्याचं तुम्ही बघू नका. वॉर्ड नंबर निरोपात टाका.